डेऱ्याच्या खांबाचा सांधा

जुन्या सरदारी वाड्यांतील फरासखान्याची जेव्हां मोड होते, तेव्हां त्यांतून काय राखलें जातें व काय टाकलें जातें हें पाहण्यासारखें असतें. छिटाच्या कनातीचा तुकडा संग्राहक चौकटींत बसवितो. मखमलीचें अस्तर पेटींत जातें. कळस हातीं आला तर त्यास मानाची जागा मिळते. खांब मात्र गोठ्याच्या आढ्याला लागतात, आणि त्या खांबांचे तुकडे एकमेकांस धरून ठेवणाऱ्या लोखंडी किंवा पितळी नळ्या मोडीच्या भावानें तराजूंत पडतात. नळीवर लेख नसतो, शिक्का नसतो, नक्षीही बहुधा नसते. म्हणून ती इतिहासाचें साधन आहे असें कोणास वाटत नाहीं. या लेखांत आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ती नळी साधन आहे; आणि मोगल व मराठे यांच्या छावण्यांविषयीं ग्रंथांत व बखरींत जें लिहिलें आहे, तें तपासून पाहण्यास तिच्याइतकी सोपी कसोटी क्वचितच सांपडेल.

विचारासाठीं एक स्थळ डोळ्यांपुढें असलेलें बरें. आम्ही पडेगांव घेतों. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथून दौलताबादेच्या वाटेला लागलें म्हणजे छावणी ओलांडल्यावर हें गांव येतें. पुढें तीच वाट देवगिरीच्या पायथ्याशीं जाते आणि घाट चढून खुलताबादेस पोंचते. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत तिला औरंगाबाद हें नांव मिळालें. आणि १६८२ च्या मार्च महिन्यांत तोच औरंगजेब बादशहा म्हणून येथें आला. १६८३ च्या नोव्हेंबरांत तो अहमदनगराकडे निघाला. त्यानंतर १७०७ मध्यें अहमदनगराजवळ त्याचा अंत झाला तोंपर्यंत त्याचें बहुतेक आयुष्य कापडाच्या छताखालीं गेलें. देहाला विसांवा मिळाला तो याच वाटेवरील खुलताबादेस. शहराच्या या अंगास करणपुरा, पदमपुरा अशीं जीं पुऱ्यांचीं नांवें आजही चालतात, तीं मोगलांच्या चाकरींतील राजपूत सरदारांचीं आहेत. सरदार, त्याचा जमाव आणि त्याची वस्ती हीं एकाच नांवानें ओळखलीं जात, याची ती खूण होय. इंग्रजी अमलांत हैदराबाद कंटिंजंटची फौजही याच बाजूस राहत असे आणि १८५७ च्या जूनमध्यें तिच्यांतील घोडेस्वारांची गडबड येथेंच उडाली. सारांश, पडेगांवची वाट ही फौजांच्या पायाखालची वाट आहे.

येथें एक इशारा देऊन ठेवणें अवश्य आहे. ‘पडाव’ आणि ‘पडेगांव’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, आणि छावणीच्या शेजारच्या गांवाचें नांव पडावावरून पडलें असें म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु या नांवाशीं जुळणारीं गांवें महाराष्ट्रांत इतरत्रही आहेत, आणि केवळ उच्चाराच्या साम्यावर इतिहास उभारणें म्हणजे तणाव्यांवांचून खांब उभा करणें होय. नांवाचा आधार आम्ही घेत नाहीं. आम्हांस वाटेचा व जमिनीचा आधार पुरेसा आहे.

आतां ग्रंथांकडे वळूं. मोगलांच्या डेऱ्यांविषयीं सर्वांत तपशीलवार माहिती अबुल फज्लाच्या आईन-इ-अकबरींत सांपडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या या ग्रंथांत बारगाह, चोबीन रावटी, मंडल, अठखंबा, खरगाह, शामियाना, सरापर्दा असे प्रकार एकामागून एक दिले आहेत. मोठ्या बारगाहेंत दहा हजारांहून अधिक माणसें मावत, आणि ती उभी करण्यास एक हजार फरासांना यंत्रांच्या साहाय्यानें एक आठवडा लागे. साधी बारगाह म्हटली तरी तिला दहा हजार रुपये व त्याहून अधिक खर्च येई. मंडलाचे पांच शामियाने चार खांबांवर तोललेले असत. अठखंब्याचे सतरा शामियाने आठ खांबांवर. एका मुक्कामाचें सामान हलविण्यास शंभर हत्ती, पांचशें उंट, चारशें गाडे आणि शंभर हमाल लागत. माणसांत हजार फरासांशिवाय पांचशें बेलदार व शंभर पखालजी असत.

हे आंकडे वाचकांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांच्या शेजारींच दोन लहान वाक्यें आहेत, त्यांजकडे सहसा लक्ष जात नाहीं. एक असें कीं, बारगाहेच्या दाराचे दोन खांब बिजागऱ्यांनीं जोडलेले असत. दुसरें चोबीन रावटीविषयीं आहे. ही दहा खांबांवर उभी असे. खांबांचीं टोकें थोडीं जमिनींत जात. सर्व खांब सारख्या उंचीचे. फक्त दोन किंचित् उंच, कारण आडवी तुळई त्यांवर ठेवावयाची असे. प्रत्येक खांबास वर व खालीं तिकोनी लांकडाचा आधार दिलेला असे; त्या आधारांवरून व तुळईवरून वासे जात आणि हें सगळें पट्ट्यांनीं व खिळमळसूत्रांनीं घट्ट जखडलेलें असे. मराठींतील ‘राहुटी’ आणि आईनांतील ‘रावटी’ हे शब्द उघडच एका घरचे आहेत. पण ही बादशाही रावटी म्हणजे कापड घातलेलें सुटें घरच होतें. तिची बळकटी कापडाच्या ताणांत नव्हती, सांध्यांत होती.

दुसरा साक्षीदार फ्रेंच वैद्य बर्निए. त्याची साक्ष आमच्या विषयास अधिक जवळची आहे, कारण तो अकबराच्या नव्हे, औरंगजेबाच्याच स्वारीबरोबर प्रवास करीत होता. १६६४ च्या अखेरीस बादशहा दिल्लीहून लाहोराकडे व तेथून काश्मिरास निघाला, तेव्हां बर्निए बरोबर होता. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एक वापरांत असे, तों दुसरा एक मजल पुढें जाऊन उभा राही. यांतील प्रत्येक संचाला साठाहून अधिक हत्ती, दोनशें उंट, शंभर खेंचरें व शंभर हमाल लागत, असें तो लिहितो. मोठे डेरे व त्यांचे जड खांब हत्तींवर जात. आणि हे खांब फार लांब व फार जड असल्यामुळें तीन तुकड्यांत सुटे करतां येतील असे बनविलेले असत, ही गोष्ट त्यानें मुद्दाम नोंदली आहे. कनातींविषयीं तो म्हणतो कीं, त्यांची उंची सातआठ फूट असे. त्या मेखांना बांधलेल्या दोरांनीं ताणलेल्या असत आणि दर दहा पावलांवर दोन दोन काठ्या, एक आंतून व एक बाहेरून, एकमेकींवर टेकविलेल्या असत.

या दोन साक्षींवरून खांब एकत्र धरण्याच्या तीन रीति स्पष्ट होतात. पहिली रीति टेकणीची: दोन काठ्या एकमेकींवर कलत्या ठेवून बांधावयाच्या, जशी कनातीला. दुसरी जखडणीची: पट्टी, मळसूत्र व बिजागरी वापरून कोन पक्का करावयाचा, जशी चोबीन रावटींत किंवा बारगाहेच्या दारांत. तिसरी सांधणीची: एकाच खांबाचे दोन वा तीन तुकडे टोकाला टोक लावून एक उभा खांब करावयाचा. पहिलीला दोरी पुरते. दुसरीला कुशल सुतार व लोहार दोघेही बरोबर पाहिजेत. तिसरीला एक नळी लागते, आणि आमचा विषय ही तिसरी होय.

तीन तुकड्यांचा खांब कसा उभा राहतो, हें समजण्यास यंत्रशास्त्राची गरज नाहीं. डेऱ्याचा मधला खांब घराच्या खांबासारखा पायांत रोवलेला नसतो. तो जमिनीवर किंवा एखाद्या फळीवर नुसता टेंकलेला असतो. कापडाचें वजन त्याला खालीं दाबतें. चोहों बाजूंचे तणावे मेखांकडे ओढतात आणि त्यांची ओढ कापडावाटे खांबाच्या डोक्यावर येऊन त्यासही खालींच दाबते. तणावे जितके ताणावे तितका तुकड्यावर तुकडा अधिक घट्ट बसतो. म्हणजे सांध्याला ओढ सोसावयाची नसते, दाब सोसावयाचा असतो. आणि दाब तर लांकूड लांकडाला देतेंच. नळीचें काम एवढेंच कीं, तुकड्यांचीं टोकें आडवीं सरकूं नयेत व खांबाला मध्येंच कोपर फुटूं नये. म्हणून नळीला दोन्ही तुकड्यांत खिळे मारण्याची गरज पडत नाहीं. ती एका तुकड्यावर ठोकून पक्की केली आणि दुसरा तुकडा तिच्यांत उतरविला कीं काम झालें. खलाशानें तणावे सोडले कीं तोच सांधा हातानें उपसून निघतो. रात्रीं पक्का आणि पहांटे सुटा, असा सांधा दुसऱ्या कोणत्याही रीतीनें इतक्या स्वस्तांत होत नाहीं.

नळीची लांबी मात्र बेताची असून चालत नाहीं. लांडी नळी तुकड्याला पुरेशी पकड देत नाहीं. खांब डुलला कीं तिचे कांठ लांकडांत रुततात आणि सांधा ढिला होतो. फार घट्ट नळीही कामाची नाहीं. पावसाळ्यांत लांकूड फुगतें आणि तुकडा अडकून बसतो. बांबूचा खांब असेल तर आणखी एक काळजी. बांबूचें टोक दाबानें उभें चिरतें. म्हणून तें गांठीच्या लगत कापावें लागतें व त्यावर धातूचें कडें चढवावें लागतें. या कड्याला आपल्या घरोघरींचा शब्द आहे. मुसळाच्या तोंडाला जी लोखंडी वसवी असते, तिचें काम हेंच: लांकडानें मार खावा, पण फुटूं नये. काठीच्या टोकाची शेंबी ही तिचीच धाकटी बहीण. डेऱ्याच्या खांबाची नळी म्हणजे दोन तोंडांची वसवी होय, असें म्हटलें तर आमच्या बायाबापड्यांसही तिचा कार्यभाग तत्काळ कळेल.

बर्निएच्या ‘तीन’ या आंकड्याकडेही पुनः पाहिलें पाहिजे. त्यानें कारण वाहतुकीचें दिलें आहे व तें खरेंच आहे. अठरा हात लांबीचा खांब कोणत्याही जनावराच्या पाठीवर राहत नाहीं. त्याचे सहा सहा हातांचे तीन तुकडे हत्तीच्या अंगास लावून नेतां येतात. परंतु मग दोन तुकडे कां केले नाहींत? नऊ हातांचें लांकूडही हत्ती नेऊं शकेल. आमच्या मतें याचें दुसरें एक कारण खांबाच्या अंगांतच आहे. दाबाखालीं लांब खांब वांकूं लागतो तो मध्यावर. दोन तुकडे केले तर सांधा नेमका त्याच जागीं येतो. तीन केले तर मध्यावर अखंड लांकूड राहतें आणि दोन्ही सांधे टोकांकडे सरकतात, जेथें वांक थोडा कमी असतो. फरासखान्यांतील सुतारानें हें गणितानें काढलें नसेल. मोडलेल्या खांबांनीं त्यास शिकविलें असेल. ज्या संग्राहकाजवळ जुना खांब आहे, त्यानें तुकडे मोजावे व प्रत्येकाची लांबी नोंदावी. आमचा तर्क त्या मापांवर टिकेल किंवा पडेल.

मराठ्यांच्या बाजूस पाहिलें तर छावणीचा बाज सुरुवातीस निराळा होता. फरासखाना शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत मोडतो. आणि १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाची भेट झाली, तीही शृंगारलेल्या शामियान्यांतच. तेव्हां डेऱ्याची विद्या मराठ्यांस अपरिचित होती असें नव्हे. पण शिपायाचा निवारा म्हणजे पाल: दोन उभ्या काठ्या, त्यांवर एक आडवी, आणि तीवर टाकलेलें जाड कापड वा घोंगडी. या रचनेंत उभ्या काठीला बेचकें असलें कीं सांधा झाला. नळी नको, लोहार नको, हत्ती नको. घोड्याच्या खोगिराशीं बांधून नेतां येते तेवढीच काठी. औरंगजेबाच्या छावणीशीं याची तुलना करा. १६९५ मध्यें इटालियन प्रवासी कारेरी यानें कृष्णाकांठीं गलगलीची छावणी पाहिली. तिचा घेर त्यानें तीस मैल दिला आहे, आणि केवळ बादशाही डेऱ्यांचा तीन मैल. एका बाजूस बेचक्याचा सांधा व दुसऱ्या बाजूस नळीचा. एका बाजूस पाठीवरचें घर व दुसऱ्या बाजूस हत्तीवरचें शहर. पंचवीस वर्षांच्या त्या झुंजीचीं कारणें अनेक आहेत आणि तीं सर्व काठीवर लादणें योग्य होणार नाहीं. तरी कोणत्या फौजेला उठून निघण्यास किती वेळ लागतो, हें तिचा सांधा सांगतो, यांत शंका नाहीं. पुढें अठराव्या शतकांत मराठ्यांचे डेरेही थोर झाले. पुण्यांत पेशव्यांच्या डेऱ्यांचें कोठार जेथें होतें त्या जागेस ‘फरासखाना’ हें नांव आजतागायत टिकलें आहे. बेचक्याकडून नळीकडे झालेला हा प्रवास मराठी राज्याच्या थाटाचाही इतिहास आहे.

आतां या कसोटीवर एक प्रसिद्ध कथा घांसून पाहूं. १६८९ मध्यें संभाजी महाराजांच्या वधानंतर संताजी घोरपडे व विठोजी चव्हाण यांनीं भीमाकांठच्या बादशाही छावणीवर रात्रीं छापा घातला, बादशहाच्या डेऱ्याचे तणावे तोडले, डेरा पाडला आणि त्याचे सोन्याचे कळस कापून नेले, असें बखरींतून आलें आहे. ही कथा मराठी मनांत इतकी रुजली आहे कीं, तिची तपासणी करणें कित्येकांस आवडत नाहीं. बखरी घटनेनंतर बऱ्याच काळानें लिहिल्या गेल्या, म्हणून समकालीन पत्राचें वजन त्यांस देतां येत नाहीं, हें संशोधकांस सांगणें नलगे. परंतु कथेंतील कृतींचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम तणावे, मग डेरा, मग कळस.

खांब जमिनींत खोल रोवलेला असता तर तणावे तोडून तो पडता ना. कापड सैल होऊन लोंबलें असतें, पण कळस वरच राहिला असता, आणि शत्रूच्या छावणीच्या मध्यभागीं खांबावर चढून तो उतरविणें हें काम वेड्याचें होतें. आम्ही वर दाखविल्याप्रमाणें खांब नुसता टेंकलेला व तणाव्यांनीं तोललेला असेल, तर गोष्ट फिरते. एका बाजूचे तणावे तुटले कीं दुसऱ्या बाजूची ओढ मोकळी होते व खांबाला आपल्याकडे खेंचून पाडते. पडतांना वांक बसला कीं नळींतले तुकडे उसळून निघतात. वीस हात उंचीवरचा कळस क्षणांत कमरेइतक्या उंचीवर येतो. शिवाय खांबाच्या डोक्यावरील सळई कापडाच्या वा आढ्याच्या भोकांतून वर निघते आणि कळस तिच्यावर टोपीसारखा बसतो, अशी डेऱ्यांची सामान्य रीत आहे. तसा तो असेल तर हिसकून निघेल, बांधलेला असेल तर बांधणी कापावी लागेल. कापण्यास सुरी पुरे. करवतीची गरज नाहीं.

एवढ्यावरून तो छापा घडलाच असें सिद्ध होतें काय? नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, ही कथा ज्यानें प्रथम सांगितली त्यास डेरा कसा उभा राहतो हें ठाऊक होतें. तो छाप्यांतला स्वार असूं शकेल. ऐकीव गोष्ट सजविणारा, पण स्वतः डेऱ्यांत वावरलेला कारकूनही असूं शकेल. दोघांमधून निवड करण्यास नळी असमर्थ आहे. मात्र ‘दोर कापून डेरा कसा पडेल, ही भाकडकथा’ असा जो आक्षेप कोणी घेईल, त्याचें तोंड ती बंद करते. भौतिक साधनाची साक्ष बहुधा अशीच असते. ती घटनेची ग्वाही देत नाहीं. घटना अशक्य नव्हती एवढें सांगून बाजूला होते. या मर्यादेंत तिचा उपयोग करणें हेंच शास्त्र होय.

जे डेरे जगांत टिकले आहेत, त्यांच्या नशिबींही कापडाचेंच कौतुक आलें. जोधपूरच्या मेहरानगडावरील तांबड्या मखमलीचा लाल डेरा, अथवा टिपू सुलतानाचा म्हणून वेल्समधील पोविस किल्ल्यांत असलेला छिटाचा डेरा, यांचीं चित्रें ग्रंथोग्रंथीं छापलीं गेलीं. वेलबुट्टीचा प्रत्येक देंठ अभ्यासिला गेला. तें योग्यच आहे. पण जें कापड वाचलें तें उभें कशानें राहत होतें, हा प्रश्न पुष्कळ कमी वेळां विचारला जातो. याचा परिणाम असा होतो कीं, प्रदर्शनाची वेळ आली म्हणजे जुनें कापड भिंतीवर खिळ्यांनीं टांगतात, आणि जुना खांब हाताशीं असला तर त्याचे तुकडे जोडण्यासाठीं नव्या खिळ्यांनीं दोन्ही टोकें फोडतात. शतकानुशतकें वाचलेला पुरावा एका दुपारींत नाहींसा होतो.

म्हणून अशा खांबांसाठीं एक साधी जोडणी आम्ही सुचवितों. एकही खिळा जुन्या लांकडांत जाऊं नये, हा तिचा पहिला नियम. पत्र्याच्या दोन अर्ध्या पन्हळी घ्याव्या. दोन मिळून एक नळी होईल अशा. लांबी खांबाच्या जाडीच्या सहापट ठेवावी, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर तिप्पट पकड येते. तीन इंची खांबास अठरा इंची नळी. आंतून जाड नमदा लावावा, म्हणजे पत्रा लांकडास घांसत नाहीं व जाडींतील थोडी कमीजास्त भरून निघते. तुकड्यांच्या टोकांमध्यें मऊ लांकडाची पातळ चकती ठेवावी, म्हणजे झिजलेल्या टोकांवरही दाब सारखा पडतो. बाहेरून दोन ठिकाणीं पट्टी आंवळावी. पट्टीचें मळसूत्र पन्हळीबाहेरच फिरलें पाहिजे. जुनी नळी शिल्लक असेल तर ती हलवूं नये. नवी जोडणी निखळलेल्या सांध्यापुरतीच वापरावी. मूळ लांकडावर भरंवसा टाकूं नये हा दुसरा नियम. कापड हलकें असलें तरी त्याचा भार शेजारच्या नव्या खांबानें घ्यावा आणि जुन्यानें नुसतें उभें राहावें. आणि ही सर्व मांडणी वारा नसलेल्या दालनांतच करावी. दख्खनी पावसांत सुती किंवा तागाचा तणावा भिजला कीं आंखडतो व मेख उपटतो किंवा खांब मोडतो. पूर्वींचे खलाशी रात्रीं उठून तणावे सैल करीत, तो पहारा आतां कोण देणार?

मांडणीहून नोंद अधिक महत्त्वाची. ज्या घरीं फरासखान्याचें सामान असेल, तेथें खांबांच्या तुकड्यांची लांबी व जाडी, नळीची लांबी, धातु, जोड उभा आहे कीं आडवा, ती कोणत्या तुकड्यावर ठोकली आहे, टोकांवर खुणेचे छेद आहेत काय, हें सर्व लिहून ठेवावें. तीन तुकड्यांचा खांब अंधारांत चुकीचा जोडला जाऊं नये म्हणून खूण लागतेच. ती खूण आंकडा असेल, अक्षर असेल किंवा नुसता खांचा. अक्षर मोडी आहे कीं फार्सी, एवढ्यावरून सामान कोणाच्या हाताखालून गेलें हें कळूं शकतें. कागदपत्रांत शोध घेणाऱ्यांनीं फरासखान्याच्या हिशेबांत कापडाच्या वारांबरोबर लोखंड व पितळ यांचीं वजनेंही उतरून घ्यावीं. औरंगाबादेच्या किले-अर्कमधील मोगली दफ्तर १९१६ मध्यें हैदराबादेस गेलें व आज तें तेलंगणाच्या अभिलेखागारांत आहे. पेशवे दफ्तर पुण्यास आहे. दोन्हींकडे मोहिमांचे आंकडे पुष्कळांनीं पाहिले. नळ्यांचें वजन पाहणारा पाहिजे.

शेवटीं पुनः पडेगांवच्या वाटेवर येऊं. डेरा उठतो तेव्हां मागें काय उरतें? कापड जातें, दोर जातो, लांकूड राहिलेंच तर वाळवी खाते. राहते ती उपटतांना तुटलेली मेख, गाड्यावरून पडलेली नळी, फुटलेल्या खांबाबरोबर टाकलेलें कडें. नांगराच्या फाळाला लागून असें लोखंड वर येतें आणि शेतकरी तें बांधावर टाकतो. तेथून तें भंगाराच्या गाड्यावर चढतें. शहर आतां या वाटेनें दौलताबादेच्या दिशेस वाढत चाललें आहे. जेथें नांगर चालत होता तेथें पाया खणला जातो. अशा वेळीं गंजलेली एखादी नळी हातीं आली तर ती कशाची हें ओळखण्यास आधीं वाट पाहूं नये. ती कोणत्या शेतांत, किती खोल व कशाबरोबर मिळाली हें लिहून ठेवावें व मग ती साफ करण्याचा विचार करावा. पाण्याच्या पाइपाचा तुकडा निघाला तर कांहीं गेलें नाहीं. पण आंत लांकडाची साल चिकटलेली असेल, एका अंगास खिळ्याचें भोक व दुसरें अंग मोकळें असेल, तर वाचकांनीं तिला दोन तोंडांची वसवी समजावें; आणि ज्या दख्खनी मोहिमेविषयीं आपण इतके कागद वाचले, तिचा एक कागद लोखंडाचा होता, हें ध्यानांत घ्यावें.